जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ : आधी यंत्र ओळखा

विंडोज १० साठी सर्वसाधारण मोफत दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्या दिवशी कोणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही, बिले पूर्वीसारखीच छापली जातात. पण नव्याने सापडणाऱ्या भगदाडांना ठिगळ लावणे थांबले आणि ज्या यंत्रावर गिऱ्हाइकांची उधारी, बँकेचे व्यवहार व जीएसटीची विवरणे आहेत, त्याच्या मालकाला ही गोष्ट परवडणारी नाही. विंडोज ११ घ्यायला जावे तर 'आपले यंत्र पात्र नाही' असे उत्तर मिळते. मग एक दुरुस्तीवाला म्हणतो, नवीनच घ्या. दुसरा म्हणतो, द्या इकडे, जबरदस्तीने बसवून देतो. व्यापारी बांधवांनी दोघांनाही थोडे थांबवून आपले यंत्र आधी ओळखावे. 'पात्र नाही' या दोन शब्दांआड तीन निरनिराळी दुखणी असतात.

पहिले दुखणे केवळ झोपलेल्या भागाचे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते. अनेक यंत्रांत ती कारखान्यातूनच असते, पण बंद ठेवलेली असते. विंडोजचे चिन्ह असलेली कळ व आर ही कळ एकत्र दाबावी, समोर आलेल्या चौकटीत टीपीएम, मग टिंब आणि एमएससी ही अक्षरे इंग्रजीत टाइप करावीत. आवृत्ती २.० दिसली तर ठीक. काहीच सापडत नाही असे उत्तर आले, तर बायॉसमध्ये शोधावे : इंटेलच्या यंत्रात तिला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम. ती चालू केली की कित्येक यंत्रे एक पैसाही खर्च न होता पात्र ठरतात. मात्र डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी चावी आधी कागदावर उतरवून घ्यावी. बायॉसला हात लावल्यावर यंत्र तीच चावी मागू शकते, आणि ती नसली तर सारा हिशेब आतच अडकतो.

दुसरे दुखणे प्रोसेसरचे. इंटेल कोअरमध्ये साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर पात्र आहेत. पिढी ओळखणे सोपे आहे : आय-५ ८४०० मधला पहिला आकडा ८, म्हणून आठवी, आय-५ ७४०० म्हणजे सातवी, एक-दोन अपवाद सोडता बाद, १०४०० म्हणजे दहावी. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रात विंडोज ११ चालवण्याची ताकद असते, फक्त कंपनीची संमती नसते. रूफस नावाच्या मोफत साधनाने पेनड्राइव्ह तयार करताना टीपीएम, सिक्योर बूट व मेमरीची तपासणी वगळता येते. 'जबरदस्तीने बसवणे' म्हणतात ते हेच. यात जादू नाही, आणि त्यासाठी भरमसाट मजुरी मोजण्याचेही कारण नाही.

पण किंमत दुसरीकडे मोजावी लागते. अशा यंत्राला दुरुस्त्या मिळण्याचा हक्क नाही, असे मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगते. महिन्याच्या दुरुस्त्या बहुधा येतात असा आजवरचा अनुभव आहे. वर्षाची मोठी आवृत्ती मात्र प्रायः हाताने बसवावी लागते. म्हणून घरच्या किंवा मुलांच्या अभ्यासाच्या यंत्रावर हा प्रयोग खुशाल करावा. गल्ल्यावरच्या यंत्रावर करू नये, असे आमचे मत आहे. धंद्याच्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या दुरुस्त्या विकत देण्याची सोय ठेवली : पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. पहिले वर्ष काढायला ती बरी; तिसऱ्या वर्षाच्या पैशात जुन्या बाजारातले आठव्या पिढीचे यंत्र पाहिलेले काय वाईट?

तिसऱ्या दुखण्याला औषध नाही. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही ठरावीक आज्ञा असाव्याच लागतात. कोअर टू ड्युओमध्ये त्या पुरत्या नाहीत, त्यामुळे तेथे ही आवृत्ती सुरूच होत नाही. कोणी बसवून देतो म्हणाला तर समजावे की तो जुनी आवृत्ती गळ्यात मारणार. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली पत्रव्यवहाराला व इंटरनेटला चालून जाते. टॅली मात्र विंडोजसाठीच बनवलेली आहे.

आणखी एक खड्डा. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. काही दुकानांत डॉसवरचा, फॉक्सप्रोमध्ये बांधून घेतलेला हिशेबाचा प्रोग्राम अजून इमानाने चालतो आहे. तो ३२ बिट विंडोजवर चालत असेल, तर नव्या विंडोजवर थेट चालणार नाही. बारकोड वाचणारे यंत्र, पावतीचा प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन यांचेही ड्रायव्हर आधी पाहून घ्यावेत. भरतकामाच्या मशिनला जोडलेला कॉम्प्युटर असेल आणि तो इंटरनेटला जोडायची गरज नसेल, तर त्याला हात न लावलेलाच बरा.

करायचेच ठरले, तर एक पद्धत आम्हांला सर्वांत निर्धोक वाटते. जुनी डिस्क पुसू नये. नवी एसएसडी आणून तिच्यावर विंडोज ११ बसवावे. जुने यंत्र निम्म्याहून अधिक चपळ होते ते याच बदलाने. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवावी. नव्या व्यवस्थेतून एक महिन्याची बिले निघाली, सहीचा टोकन चालला, विवरण भरून झाले, की मगच तिचे काय करायचे ते ठरवावे.