प्रकाश-उत्प्रेरक : प्रदूषकातून इंधनाकडे

हायड्रोजन जळताना केवळ पाणी तयार होते. मात्र तो नैसर्गिक वायूपासून मिळविल्यास निर्मितीच्या टप्प्यावरच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. अभियानाचा मुख्य भर विजेद्वारे पाण्याचे विघटन करण्यावर आहे. थेट सूर्यप्रकाशाने हे कार्य साधणारे प्रकाश-उत्प्रेरक अद्याप प्रामुख्याने प्रयोगशाळेत आहेत.

तत्त्व

अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उत्तेजित होतो आणि त्याच्या जागी धनभारित ‘पोकळी’ उरते. इलेक्ट्रॉनमुळे पाण्यातून हायड्रोजन मुक्त होतो. पोकळीमुळे प्रदूषकांचे ऑक्सिडीकरण होते. फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड वापरून प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन दाखविले. परंतु हा पदार्थ अतिनील किरणच शोषतो आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा सुमारे ५ टक्केच असतो. शिवाय इलेक्ट्रॉन व पोकळी लगेच पुन्हा एकत्र येतात. कण नॅनो आकाराचे केल्यास पृष्ठभाग वाढतो आणि पृष्ठभागापर्यंतचे अंतर घटते. त्यामुळे दुसरी अडचण काहीशी सौम्य होते.

पुण्यातील संशोधन

पुण्याच्या सी-मेट या संस्थेतील डॉ. भारत काळे व त्यांच्या कोरियन सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कॅडमियम इंडियम सल्फाइडच्या झेंडूच्या फुलासारख्या नॅनोरचना प्रसिद्ध केल्या. दृश्य प्रकाशात त्यांनी हायड्रोजन सल्फाइडचे विघटन करून हायड्रोजन मिळविला. हा विषारी वायू तेलशुद्धीकरणात मोठ्या प्रमाणावर निर्माण होतो. प्रचलित क्लॉस प्रक्रियेत त्यातील गंधक परत मिळते, पण हायड्रोजनचे पाणी होऊन तो वाया जातो.

अर्थशास्त्रीय विचार

पाण्याच्या विघटनास प्रतिमोल सुमारे २३७ किलोज्यूल, तर हायड्रोजन सल्फाइडच्या विघटनास सुमारे ३३ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्यातच हा वायू नष्ट करण्यासाठी उद्योगाला खर्च करावाच लागतो. म्हणजे येथे कच्च्या मालाची किंमत जणू ऋण आहे. याउलट, २०२१ मध्ये जपानमध्ये १०० चौरस मीटरच्या फलकांवर शुद्ध पाण्याचे विघटन करताना कमाल कार्यक्षमता ०.७६ टक्के आढळली.

सांडपाण्याबाबतही निवड आवश्यक आहे. जबलपूरसारख्या नर्मदाकाठच्या शहराच्या घरगुती मैलापाण्यासाठी जिवाणूंवर आधारित शुद्धीकरणच स्वस्त पडते. इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगनगरीतील रंगद्रव्ये मात्र जिवाणूंना सहज पचत नाहीत. तेथे प्रकाश-उत्प्रेरक पूरक ठरू शकतात. अर्थात, कॅडमियम स्वतः विषारी असल्याने उत्प्रेरक पाण्यात मिसळू न देण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागेल.

तात्पर्य, या तंत्रज्ञानाचे मूल्यमापन केवळ मिळणाऱ्या हायड्रोजनच्या किमतीवर करणे अपुरे आहे. टळलेल्या प्रदूषणाचे मूल्य त्यात मिळविले आणि उत्प्रेरकाची जोखीम वजा केली, तरच त्याचा सामाजिक लाभ खऱ्या अर्थाने मोजता येईल.