पायाची जखम आणि समतेचा प्रश्न

पायाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या की प्रथम चालताना पोटरीत कळ येते आणि थांबल्यावर ती ओसरते. पुढे रात्री अंथरुणावर पाऊल ठणकते. पाय खाटेखाली सोडला तरच उतार पडतो. अखेरीस बोटावरची क्षुल्लक जखम भरत नाही, काळी पडते. तंबाखू, विडी आणि मधुमेह ही यामागची प्रमुख कारणे होत.

वेळीच रोहिणी फुग्याने रुंद केली किंवा बायपास केला, तर पुष्कळदा पाय वाचतो. परंतु ही संधी सर्वांना सारखी मिळत नाही. अमेरिकेतील अनेक अभ्यासांत असे आढळले की, गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांचे पाय अधिक प्रमाणात कापले जातात. वय आणि इतर आजार हिशेबात धरूनही हा फरक पुरता पुसला जात नाही. यामागे शरीराचा दोष कमी, व्यवस्थेचा अधिक आहे.

आपल्याकडे वर्णाच्या जागी जात, कष्ट आणि अंतर उभे राहते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांत दलित, वंजारी आणि भटक्या समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. उचल घेऊन फडावर गेलेल्या कोयत्याला एका दिवसाचा खाडाही परवडत नाही; मग पायाच्या जखमेला हळद लावून काम चालते. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, हे आपले भाग्य. पण रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद बहुतांशी मोठ्या शहरांतच आढळतात. त्यामुळे रुग्ण तेथे पोहोचेपर्यंत अनेकदा फार उशीर झालेला असतो.

पूज्य बाबासाहेबांनाही मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी अखेरच्या वर्षांत ग्रासले होते. त्यांचे अनुयायी म्हणून आपण या आजाराकडे दुर्लक्ष करू नये.

घरातील मधुमेही व्यक्तीचे तळवे रोज उजेडात पाहावेत. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हाताने ऊब आणि सूज तपासावी. दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसल्यास डॉक्टरांना घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहण्याची विनंती करावी. हे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी असेल तर रोहिणी अरुंद झाल्याचा संशय घ्यावा. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्याने हा आकडा फसवाही ठरतो, तेव्हा सोनोग्राफीने रक्तप्रवाह पाहावा. जखम काळी पडली, तर एक दिवसही थांबू नये. पाय कापण्याचा सल्ला मिळाल्यास, ‘रक्तप्रवाह सुरू करता येईल का?’ हा प्रश्न नम्रपणे, पण अवश्य विचारावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकते, याचीही रुग्णालयात चौकशी करावी.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज आरोग्यसेवेत आहेत, त्यांनी फडावरून परतणाऱ्यांचे पाय एकदा तपासावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.