युद्धकाळ आणि लेखन : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

दुसरे महायुद्ध आणि साहित्य यांचा संबंध तपासताना मराठीचा अभ्यासक बहुधा विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’पासून (१९३९) आरंभ करतो. ज्यू निर्वासितांना घेऊन युरोपातून निघालेली बोट हे त्या कादंबरीचे स्थळ; युद्ध तेथे अजून क्षितिजावर आहे. प्रत्यक्ष युद्धकाळात अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात जे लेखन झाले, त्याकडे मात्र राजकीय इतिहासाचे परिशिष्ट म्हणून पाहण्याचीच प्रवृत्ती आढळते.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा सभासदांना या किल्ल्यात ठेवण्यात आले. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथेच लिहिले. बागेसाठी खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागतात, या साध्या अनुभवातून ते इतिहासाच्या उत्खननाकडे वळतात. त्याच प्रकरणात बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचाही विचार येतो. आचार्य नरेंद्र देव ‘अभिधर्मकोशा’च्या हिंदी अनुवादात गुंतले होते, पट्टाभि सीतारामय्या रोजनिशी लिहीत होते.

वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत विलक्षण कृती मौलाना आझादांची. ‘गुबार-ए-खातिर’मधील (१९४६) उर्दू पत्रे एका मित्राला उद्देशून आहेत, पण ती त्याला पाठविण्याची सोयच नव्हती. पत्र हा प्रकार येथे संवादाचे केवळ रूप धारण करतो, आणि त्यामुळेच लेखक चहा, संगीत, खोलीतील चिमण्या अशा विषयांवर निर्धास्तपणे रमू शकतो. चिमण्यांशी झालेले भांडण आझाद लढाईच्या परिभाषेत रंगवितात. बाहेर जग लढत असताना केलेला हा विनोद निरागस मानता येणार नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नीचे कलकत्त्यात निधन झाले. भेटीसाठी सरकारकडे विनंती करणे त्यांनी आधीच नाकारले होते. त्यानंतरच्या पत्रातही शैलीचा तोल ढळत नाही. तो राखण्यासाठी पडलेला ताण मात्र वाचकाला जाणवतो.

इंग्रजी, हिंदी, उर्दू अशा भाषांतील हे लेखन ज्या जिल्ह्यात झाले, त्याच जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. ज्या सत्तेने किल्ल्यात नेत्यांना कोंडले होते, तिच्याच सैन्यातून ते इटलीत लढत होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी त्यांनी दोन जखमी सहकाऱ्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले; मग शत्रूच्या तीन मशीनगन-चौक्या निकामी केल्या. हाताला जखम झाल्यावर त्यांनी टॉमीगन टाकून हातबॉम्ब वापरले. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

कैद्यांजवळ कागद होता, सवड होती आणि ग्रंथनिर्मितीचा पूर्वसंस्कार होता. शिपायाचा अनुभव मात्र सन्मानपत्राच्या इंग्रजीतून, वरिष्ठांच्या तृतीयपुरुषी निवेदनातून आपल्यापर्यंत येतो. कृतींचा क्रम त्यात चोख आहे. भय, गाव, घर यांना तेथे जागा नाही. अखेरीस जाधव बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करतात आणि मागच्या तुकड्यांना पुढे येण्याची खूण करतात, असे ते पत्र सांगते. त्या गर्जनेचे शब्द त्यात नाहीत.