थांबलेल्या इंजिनातलं मीठ

खारं पाणी इंजिन खातं, असं किनाऱ्यावर सरसकट बोललं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. इंजिन चालू असताना पाणी वाहतं असतं. समुद्रातून आत येतं, इंजिनाची धग घेतं आणि बाहेर पडतं. त्यात विरघळलेलं बहुतेक मीठ विरघळलेलंच राहून निघून जातं. घात होतो तो इंजिन बंद केल्यानंतर. पंप थांबतो, आतलं पाणी जागच्या जागी साचतं, पण तापलेला धातू काही लगेच निवत नाही. त्याची सगळी धग त्या अडकलेल्या पाण्यात उतरते आणि काही मिनिटं ते पाणी चालू इंजिनातल्या पाण्यापेक्षाही गरम होतं. पुढे ते सुकत जातं आणि त्यातलं मीठ मागे उरतं. म्हणून माझं सांगणं असं की, खाऱ्या पाण्यापासून इंजिन जपायचं तर इंजिन थांबतं त्या वेळेकडे लक्ष द्या. होडी किनाऱ्याला लागल्यावरचा पहिला तास हाच इंजिन धुण्याचा तास.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं बहुतेक साधं मीठ. ते कितीही जमलं तरी गोड्या पाण्यात विरघळतं, म्हणून वाटा बुजण्यापुरती तरी त्याची मला फारशी भीती वाटत नाही. भीती आहे ती लिटरमागे जेमतेम ०.४ ग्रॅम असलेल्या कॅल्शियमची. चुन्याच्या क्षारांचा स्वभाव उलटा आहे: पाणी तापलं की ते जास्त विरघळण्याऐवजी बाहेर पडतात आणि धातूवर थर धरतात. घरच्या हीटरच्या कॉइलवर जमतो तोच हा पांढरा, दगडासारखा थर. समुद्राच्या पाण्यावर थेट थंड होणाऱ्या बऱ्याच इंजिनांचे थर्मोस्टॅट ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडतात, म्हणजे कूलंटवर चालणाऱ्या इंजिनांपेक्षा बरेच लवकर, ते याच कारणाने. पण बंद इंजिनात ही राखण उरत नाही. पाणी वाहत नसेल तर थर्मोस्टॅट उघडा असो की मिटलेला, धग आतच कोंडते. हा थर एकदा पक्का झाला की नुसत्या गोड्या पाण्याला दाद देत नाही. साठलेलं कोमट खारं पाणी त्याच दिवशी बाहेर काढलं तर थर धरायला फारसं काही उरतच नाही.

‘पावसाळ्यात होडी शाकारलेली, इंजिन ताडपत्रीखाली कोरडं, मग गंज कुठून येणार?’ हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, म्हणून आपण तिच्यात तांदळाचे दाणे टाकतो. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठ हवेतलीच वाफ ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याच्या निम्म्याहून कमी दमटपणातही पाझरतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर हवा बहुतेक वेळ या मर्यादेच्या वरच असते. म्हणजे इंजिनाच्या नळ्यांत राहिलेलं मीठ कोरडं बसत नाही. त्याचा समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट ओला पातळ थर होतो आणि तो धातूला चिकटून राहतो. ॲल्युमिनियमवर जो नैसर्गिक संरक्षक पापुद्रा असतो, तो यातलं क्लोराइड जागोजागी फोडतं आणि तिथे सुईने टोचल्यासारखी भोकं पडत जातात. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदीची ६१ दिवसांची विश्रांती माशांसाठी आहे. न धुतलेल्या इंजिनासाठी ती वर्षातली सगळ्यात वाईट वेळ आहे.

धुणं मात्र समजून करावं लागतं. लहान आऊटबोर्ड पाण्याच्या पिंपात उभं करायचं, पाणी शोषणारी जाळी पूर्ण बुडेल इतकं पाणी घ्यायचं आणि गिअर न टाकता १० ते १५ मिनिटं मंद चालवायचं. दोन मिनिटांत आटोपलेलं धुणं फसवं असतं, कारण इंजिन पुरेसं गरम होऊन थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय गोडं पाणी ब्लॉकच्या आतल्या वाटांत नीट खेळत नाही. पिंपातलं पाणी खारट आणि कढत झालं की बदलावं. काही आऊटबोर्डांना नळाचा पाईप जोडायची वेगळी जागा असते. तिथून धुताना इंजिन बंद ठेवा असं पुस्तिकेत लिहिलं असेल तर बंदच ठेवायचं, नाहीतर खालचा पंप कोरडा फिरतो आणि त्याचा रबरी इम्पेलर मिनिटभरातही जळू शकतो. धुऊन झाल्यावर मोटर उभी ठेवून सगळं पाणी निथळू द्यावं. लगेच आडवी केली तर पाणी आतच राहतं.

आतल्या डिझेल इंजिनात याच्या नेमका उलटा धोका आहे, आणि इथे मला थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण चांगल्या हेतूने धुवायला गेलेला माणूस इथे इंजिन घालवतो. ज्या इंजिनाचं थंड करणारं पाणी शेवटी धुराच्या पाइपात सोडलेलं असतं, तिथे बंद इंजिनाला नळाचं दाबाचं पाणी कधीही लावू नये. इंजिन चालू असताना धुराच्या जोराने पाणी बाहेर फेकलं जातं. बंद असताना ते सायलेन्सरमध्ये भरत जातं आणि तिथून मागे फिरून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. पुढच्या स्टार्टला पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन पकडत नाही म्हणून पाण्याचा कॉक उघडा ठेवून पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणं हाही त्याच धोक्याचा दुसरा रस्ता. सुरक्षित पद्धत साधी आहे: तळातला कॉक बंद करायचा, पंपाकडे जाणारा पाईप काढून गोड्या पाण्याच्या बादलीत सोडायचा, मग इंजिन सुरू करायचं आणि त्याला लागेल तेवढं त्यालाच ओढू द्यायचं. बादली भरत राहायला एक माणूस हवाच. ती रिकामी व्हायच्या आत इंजिन बंद.

‘आमच्या इंजिनात कूलंट आहे, खारं पाणी ब्लॉकला शिवतच नाही,’ असं म्हणणाऱ्यांचं इंजिन जास्त सुरक्षित आहे हे मान्य. पण खारं पाणी नाहीसं झालेलं नाही. ते हीट एक्स्चेंजरच्या अरुंद नळ्यांत आणि धुराच्या बाकात गेलेलं आहे, आणि बुजायला अरुंद वाट आधी बुजते. दुसरं समाधान आऊटबोर्डच्या मागून पडणाऱ्या धारेचं असतं. धार दिसते म्हणजे पंप पाणी उचलतो, इतकंच तिच्यावरून कळतं. ब्लॉकमधल्या वाटा मोकळ्या आहेत याची ती ग्वाही नव्हे. उलट धार बारीक झाली तर आधी तिचं भोक तारेने साफ करून पाहावं, कधी कचरा तिथेच अडकलेला असतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप पाण्याचा. एप्रिल-मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात, घरी प्यायला हंडाभर मिळवताना दमछाक होते. तिथे इंजिनाला पाणी घाला हे सांगणं मला जड जातं. म्हणून क्रम लावावा. रोज समुद्रावर जाणाऱ्या इंजिनातल्या वाटा सहसा पूर्ण सुकत नाहीत. तिथे एखाद्या दिवशी धुणं चुकलं तर निभावतं. होडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल तर मात्र चुकवू नये, आणि बंदीच्या आधीचं शेवटचं धुणं कोणत्याही परिस्थितीत टाळू नये. पाणी मचूळ असलं तरी चालेल, समुद्राच्या पाण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

जुना थर बसलेलाच असेल तर सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी फिरवून तो सोडवता येतो. त्याआधी जस्ताच्या कांड्या काढून ठेवाव्यात, नाहीतर ॲसिड आधी त्यांनाच खातं. नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवावं. फरशी धुण्याचं ॲसिड कुणी सुचवलं तर ऐकू नये. ते थराबरोबर ॲल्युमिनियम आणि पितळही नेतं. जस्ताची कांडी निम्मी झिजली की बदलायची. ती झिजते म्हणजे इंजिनाच्या धातूऐवजी ती खर्ची पडते आहे. इम्पेलर वर्षातून एकदा नवा घालावा. जुन्याचं पातं तुटलेलं असेल तर तुकडे मोजून शोधून काढावेत, कारण हरवलेला तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशीच जाऊन बसतो. बंदीच्या काळात इम्पेलर काढूनच ठेवला तर उत्तम. दोन महिने एकाच जागी वाकलेलं रबर तसंच वाकडं राहतं. काढल्यावर तो इंजिनाच्या किल्लीलाच बांधून ठेवावा, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या गडबडीत पंप रिकामा असताना कुणी स्टार्टर मारणार नाही.