खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय : मासे आणण्यापूर्वीचे सहा आठवडे

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि समुद्रात न उतरता समुद्रातील रंगीत मासे पाहण्याची सोय सामान्य माणसास झाली. तेव्हापासून असा समुद्राचा एखादा तुकडा आपल्या घरीही असावा, ही इच्छा पुष्कळांच्या मनात आहे. आज काच, पंप व तयार समुद्रमीठ मिळण्यास अडचण राहिलेली नाही. तथापि हौसेने मांडलेल्या पहिल्या काचपेटीतील मासे पुष्कळदा पंधरवडाही तग धरीत नाहीत. मग दोष मिठाला दिला जातो, दुकानदाराला दिला जातो, क्वचित घरातील कोणाच्या दृष्टीलाही. खरे कारण बहुधा साधे असते. पेटी ज्या आठवड्यात भरली, त्याच आठवड्यात मासे सोडलेले असतात.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. पेटीत मात्र माशास स्वतःच्याच विषात पोहावे लागते. या विषाची वाट लावणारे जिवाणू शेतकऱ्यास अपरिचित नाहीत. जमिनीत अमोनियम सल्फेट घातले असता त्यातील अमोनियाचे प्रथम नायट्राइट व पुढे नायट्रेट होते, आणि हे काम जमिनीतील सूक्ष्म जिवाणू करतात. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखविले. त्याच कुळातील जिवाणू काचपेटीतील दगड, वाळू व गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. नव्या पेटीत ते जवळजवळ नसतातच, आणि त्यांची वाढ इतर जिवाणूंच्या मानाने फार सावकाश होते. म्हणून प्रथम जिवाणूंची लागवड करावी व नंतर मासे आणावेत.

गोड्या पाण्यात मासे पाळण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी येथे विशेष सावध असावे. पाण्यातील सर्वच अमोनिया सारखा विषारी नसतो. त्याचा जो अंश वायुरूपात विरघळलेला असतो, तो माशास मारक ठरतो. पाण्याचा सामू जसा वाढतो, तसा हा अंश वाढतो. गोड्या पाण्याच्या पेटीचा सामू ७ च्या आसपास असतो, तर समुद्राच्या पाण्याचा ८.२ च्या आसपास. तेवढ्या फरकाने मारक अंश दहापट किंवा अधिक होतो. यास्तव जी घाई गोड्या पाण्यात खपून जाते, ती खाऱ्या पाण्यात खपत नाही.

पेटी व पाणी

पहिली पेटी फार लहान घेऊ नये. थोड्या पाण्यात उष्णता व खारेपणा झपाट्याने बदलतो. ९० सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद व तेवढीच उंच पेटी घेतल्यास तीत दगड ठेवून सुमारे १५० लिटर पाणी मावते. सर्व मिळून वजन २०० किलोच्या आसपास जाते, म्हणून बैठक भक्कम व समपातळीत असावी. पश्चिमेच्या खिडकीजवळची जागा टाळावी.

स्वयंपाकाचे मीठ चालणार नाही. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत मीठ तीन चतुर्थांशांहून किंचित अधिक असले, तरी उरलेल्या भागातील मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट व बायकार्बोनेट यांवाचून पाण्यास समुद्राचा गुण येत नाही. तयार समुद्रमीठ १५० लिटरला अदमासे साडेपाच किलो लागते. ते पंपाने शुद्ध केलेल्या, क्लोरीनरहित पाण्यात दिवसभर ढवळत ठेवून मगच मोजावे. २५ अंश सेल्सिअस तपमानास विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६ असावे.

कोकणातील वाचकांस समुद्र दाराशी असता मीठ विकत का घ्यावे, असा प्रश्न पडेल. पाणी आणण्यास हरकत नाही. मात्र बंदरातील किंवा खाडीच्या मुखाजवळचे नको, आणि पावसाळ्यातील तर मुळीच नको. त्या दिवसांत नद्यांचे गढूळ गोडे पाणी किनाऱ्यालगत पसरलेले असते.

दगडांच्या बाबतीत दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. कठीण प्रवाळांस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा अन्यत्रून ते उचलून आणणे हा गुन्हा होय. तसेच सच्छिद्र दिसतो म्हणून जांभा दगड वापरू नये, कारण त्यात लोह पुष्कळ असते. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे दुकानात मिळतात, ते पुरेसे आहेत. त्यांच्या प्रत्येक छिद्रात जिवाणूंना जागा मिळते.

जिवाणूंची लागवड

पेटी भरून पंप सुरू केल्यावर जिवाणूंना अन्न म्हणून अमोनिया द्यावा लागतो. पूर्वी यासाठी एखादा काटक मासा सोडून देत. ही रीत क्रूर आहे व अनावश्यकही. कल्हईवाल्याचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच होय. परंतु बाजारी नवसागरात इतर धातूंची भेसळ असू शकते, म्हणून प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा घ्यावा. १५० लिटर पाण्यास सुमारे १ ग्रॅम पुरतो. त्याने दर लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. ओळखीच्या कोणाकडे निरोगी खाऱ्या पाण्याची पेटी असल्यास तिच्या गाळणीतील स्पंजाचा तुकडा आणून पाण्यात ठेवावा. दुधास विरजण लावावे तसा त्याचा उपयोग होतो. या काळात दिवे बंद ठेवावेत, नाहीतर शेवाळ माजते.

अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट तपासण्याचे द्रव संच मिळतात. दर दोन दिवसांनी तपासणी करून वहीत नोंद करावी. प्रथम अमोनिया उतरू लागतो व नायट्राइट चढतो. पुढे पुष्कळ दिवस नायट्राइट वरच राहतो, आणि याच टप्प्यावर धीर सुटतो. पाणी तर काचेसारखे नितळ दिसत असते! परंतु नितळपणावरून काहीच ठरत नाही. पुन्हा १ ग्रॅम नवसागर घातल्यानंतर चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, म्हणजे पेटी तयार झाली असे समजावे. यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी निम्मे पाणी बदलावे.

पहिले मासे

आरंभ क्लाउन माशांच्या एका जोडीने करावा. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशात बसविले आहे. पैदास केंद्रातील पिले तयार खाद्य खातात. समुद्रातून धरलेला मासा पुष्कळदा खातच नाही. दुकानदारास आपल्यासमोर खाद्य टाकावयास सांगावे. या माशांत सर्व पिले प्रथम नर असतात व जोडीतील मोठा मासा पुढे मादी होतो, म्हणून एक लहान व एक मोठा असे घ्यावेत. निळा सर्जन मासा कितीही मोहक वाटला तरी तो ३० सें.मी.पर्यंत वाढतो, या पेटीत त्याचे हाल होतील. तिसरा मासा घ्यावयाचा असल्यास महिनाभर थांबावे.

खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. पंधरवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावे. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरून काढताना मात्र शुद्ध गोडेच पाणी घालावे, कारण हवेत पाणी जाते, मीठ पेटीतच राहते. काचेवर एक खूण करून ठेवल्यास रोजची तूट लगेच कळते.

एप्रिल-मे महिन्यांत पाण्याचे तपमान २८ अंशांवर जाऊ लागल्यास पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडावा. त्या दिवसांत गोडे पाणी अधिक वेळा घालावे लागते. वीज गेल्यास घटीवर चालणारा हवेचा पंप लावावा आणि वीज येईपर्यंत खाद्य देऊ नये. बंद डब्याची गाळणी कित्येक तास थांबली असेल, तर तीतील कुबट पाणी बाहेर ओतून, स्पंज पेटीच्याच पाण्यात हलका पिळून मग ती सुरू करावी. नळाच्या पाण्याखाली स्पंज धुऊ नये. त्यातील क्लोरीनने सहा आठवड्यांची लागवड मरते.