उसाच्या पेरांतला साठा

विद्यार्थिनी : सर, अन्न पानात तयार होते असे आपण शिकतो, मग उसाचे पान गोड न लागता कांडेच गोड का लागते?

प्राध्यापक : पान हे अन्न तयार होण्याचे ठिकाण आहे, साठवणीचे नव्हे. पर्णरंध्रांतून आत आलेला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून, हरितद्रव्याने टिपलेल्या सूर्यप्रकाशाच्या बळावर पानात शर्करा तयार होते; हेच प्रकाशसंश्लेषण. उसाचे पान त्यात फार तरबेज आहे, कारण ते कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बन अणूंच्या आम्लात बांधते आणि शिरांभोवतालच्या पेशींत नेऊन सोडते, त्यामुळे कडक उन्हातही काम जोमाने चालते. हा मार्ग हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी 1966 मध्ये उसावरच उलगडून दाखवला. पुढे ही शर्करा सुक्रोजच्या, म्हणजे ग्लुकोज व फ्रुक्टोज जोडून झालेल्या साखरेच्या रूपात रसवाहिन्यांतून खोडात उतरते.

विद्यार्थिनी : बटाट्यात मात्र स्टार्च साठतो ना?

प्राध्यापक : हो. स्टार्च पाण्यात विरघळत नसल्याने पेशीवर ताण न आणता साठवता येतो, म्हणून पुष्कळ वनस्पती तोच मार्ग धरतात. ऊस मात्र सुक्रोज तसेच रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत भरून ठेवतो. बुडख्याकडचे पेर सोलून चाखावे आणि मग शेंड्याकडचे, म्हणजे फरक जिभेलाच कळतो. शेंड्याची पेरे अजून वाढत असल्याने तिथे पोचलेली साखर वाढीतच खर्च होते, आणि पेराची वाढ थांबली की साठा भरू लागतो. थंडीत सगळ्याच उसाची वाढ मंदावते, म्हणून गाळपाचा हंगाम त्या सुमारास येतो.

विद्यार्थिनी : हा साठा उसाच्या स्वतःच्या कामी कधी येतो?

प्राध्यापक : लागणीच्या वेळी. सरीत दाबलेल्या दोन डोळ्यांच्या टिपरीला, म्हणजे उसाच्या तुकड्याला, पाने नसतात, नवी मुळेही नसतात. कोंब फुटतो तो टिपरीतल्या साखरेवर. तोडलेल्या उसातही पेशी लगेच मरत नाहीत. त्यांचे श्वसन चालू राहते, विकरे म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने सुक्रोज फोडत जातात, आणि फोडलेल्या साखरेचे दाणे धरत नसल्याने कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, घसरतो. म्हणून तोडलेला ऊस फडात किंवा गाडीत वाळत न ठेवता शक्यतो 24 तासांच्या आत गाळला जावा.