बिरसी की नागपूर? आधी वेळेचा हिशेब मांडा

माझ्या भाच्याला बेंगळुरूला नोकरी लागली. तालुक्याच्या गावातल्या एका तिकीटवाल्यानं मोबाईलवर विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ बघून प्रवास जुळवून दिला. गोंदियाजवळच्या बिरसीहून हैदराबाद, मग दीड तासानं दुसऱ्या कंपनीचं बेंगळुरूचं विमान. तिकिटं दोन, वेगवेगळी.

थंडीचे दिवस होते. धुक्यामुळे बिरसीहून विमान अर्धा तास उशिरा सुटलं. आईनं बांधून दिलेला पाच किलो चिन्नोर तांदूळ मोठ्या बॅगेत होता, म्हणून पोरगा हैदराबादला पट्ट्यापाशी बॅगेची वाट बघत उभा राहिला. ती घेऊन बाहेर येऊन पुन्हा रांगेत लागला, तोवर काउंटर बंद झालेला. देशातल्या विमानांचं सामान घेणं उड्डाणाच्या साधारण तासभर आधीच थांबतं. म्हणजे त्या दीड तासातला तास आपला नव्हताच, उरलेला अर्धा धुक्यानं खाल्ला. दुसरं तिकीट बुडालं, नवं भर दामानं काढावं लागलं. पहिल्याच नोकरीच्या पहिल्याच दिवशी पोराचा जीव किती खालीवर झाला असेल!

मोबाईलवर दिसणारा उड्डाणाचा वेळ बहुतेकदा सरळ रेषेतलं अंतर भागिले मोठ्या जेट विमानाचा वेग असा काढलेला असतो. गोंदिया ते हैदराबाद हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर. जेटच्या ८०० किलोमीटरच्या वेगानं ते पाऊण तासाच्या आत भरतं. पण लहान विमानतळांवर बहुधा पंख्याचं एटीआर विमान येतं, त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरण्यासाठी घिरट्या, हे सगळं वेगळंच. तिकिटावर छापलेल्या वेळेत ते धरलेलं असतं, म्हणून तीच वेळ खरी माना.

आपल्या साकोली तालुक्यातून बिरसी जवळ, नागपूर जवळपास दुप्पट लांब. तरी नुसत्या जवळिकीवर जाऊ नका. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेल्या या बिरसीच्या धावपट्टीवरून मार्च २०२२ मध्ये इंदूर-हैदराबाद सेवा सुरू झाली नि काही महिन्यांत थांबली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा हैदराबाद-तिरुपती सुरू झाली. आपल्या भागाला हा विमानतळ हवाच, तो भरभरून चालावा असं मनापासून वाटतं. पण तिथलं विमान रद्द झालं तर त्याच दिवशी दुसरं मिळेलच असं नाही. नागपूरला पर्याय जास्त. हैदराबादही तिथून हवाई मार्गानं ४३० किलोमीटरच.

नागपूरला निघताना मात्र पारडीपासून सोनेगावच्या विमानतळापर्यंतच्या शहरातल्या गर्दीला वेगळा तास ठेवा. साकोली ते भंडारा हायवेवर गाडी पळाली म्हणून निर्धास्त होऊ नका. विमान बदलायचं असेल तर पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढं पोचवण्याची जबाबदारी मग कंपनीची, आणि बॅगही बहुधा थेट शेवटच्या गावीच मिळते. वेगळी तिकिटं घ्यावीच लागली तर मध्ये चार तास सोडा, धुक्याच्या महिन्यांत त्याहून जास्त. मुलाखत, परीक्षा किंवा दवाखान्याची तारीख असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला पोचा. मुंबईला जायचं असेल तर भंडारा रोडहून रात्रभरात नेणारी विदर्भ एक्स्प्रेस आहेच, तिचं आरक्षणही वेळेत बघून ठेवा.